खेमराजबुवांचा सिनेमा

धान निघालेल्या बांधीत दोन बांबू रोवून
पडदा ताणला, तरी मधोमध एक घडी राहिली.
ती शेवटपर्यंत बुवांच्या कपाळातून गेली.

दिग्दर्शक जीपनं आला, सोबत जनरेटर.
पोरगा नम्र. म्हणाला, पहिला खेळ
बुवांच्याच गावात, हे मी आधीच ठरवलं होतं.
सरपंचबाईंनी नारळ दिला,
अन् लाखांदूरहून मागवलेली शाल.

आईला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं,
मागून पोरानं धरलं.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा राहिलाय.
"पुढं बसव गा," म्हणाली, "मले बुवा पाह्याचा हाय."

पडद्यावर गाव लागलं. त्यात डोंगर होता.
आमच्याकडं डोंगर नाही, मामा तलाव आहे.
त्याच्या पाळीवर बुवा पहाटे खर्ज लावून बसत
आणि बगळे उठत नसत;
ही दाद होती की काय, ते गावानं कधी ठरवलं नाही.
पडद्यावर धबधबा होता.
धबधब्याखाली कोण खर्ज लावतं?

पण नट चांगला होता.
आलाप घेताना डावा खांदा जरासा वर:
हे त्याला कुठून कळलं?
एवढ्यावर मी अर्धा सिनेमा माफ केला.

मग गुरूनं तंबोरा अंगणात फेकला,
रेडिओच्या साहेबानं दार लावून घेतलं,
बुवा पावसात रडले.
खरं झालं ते एवढंच:
नागपूरला आवाजाची परीक्षा होती, आधी फॉर्म होता,
'घराणं' या रकान्यात बुवांनी लिहिलं, कापगते.
ते लोक हसले.
बुवाही हसले म्हणे, साकोलीच्या गाडीत बसेपर्यंत.
मग तेंदूच्या फडावर मुन्शी लागले,
सोळा वर्षं.
सोळा वर्षं पडद्यावर कशी दाखवायची?
एक कॅलेंडर उडालं वाऱ्यानं, झालं.

मध्यंतरानंतर बुवा तीन दिवस उपाशी.
रिकामं मडकं. व्हायोलिन.
बायांनी पदर डोळ्यांना लावले
आणि आई उठून उभी राहिली, पडद्यावर तिची सावली.
"उपाशी? अन् मी का मेली होती?
रोजचा भात, लाखोरीचं वरन,
हातानं वाढलं या मानसाले!"
मागून कुणी ओरडलं, बस वो बुढे.
दिग्दर्शक वाकत वाकत आला, तिच्यापाशी उकिडवा बसला.
"आजी, सिनेमाला भूक लागते."
ती त्याच्याकडं बघत राहिली.
"मंग त्याले जेवाले घाल."

शेवटची मैफल. झपतालातली ती बंदिश,
जी सिनेमात बुवांना पडक्या देवळात सुचते,
समई, पांढऱ्या साडीतली बाई, धूर.
मे महिन्यातला फड कोण लावणार पडद्यावर?
तेंदूची पानं उन्हात पसरलेली,
आई पुडे पलटत मोजायची, दोन, तीन, दोन, तीन,
सहाव्याला हात हवेत थांबायचा
माशी हाकलायला.
बुवांनी ती खाली धरली
आणि रजिस्टरच्या पाठीवर लिहून घेतली.
त्या पानावर पुढं कुणाची तरी उधारी आहे, अडीच रुपये.

नटानं हात वर नेला,
सभागृह थांबलं, तबलजी थांबला,
आणि जनरेटर बसला.

डिझेल आणायला कुणाला तरी पिटाळलं.
लोक शेकोटीकडं सरकले, बिड्या पेटल्या,
एक कुत्रं पडद्यामागून पुढं आलं,
काही नाही म्हणून परत गेलं.
आम्ही बसून होतो.
अंधारात आईचा हात माझ्या गुडघ्यावर पडत होता,
दोन, तीन,
सहाव्याला पडला नाही.
पूस महिना. कडाक्याची थंडी.
माशी तर एकही नव्हती.